परस्त्रीपासून दूर राहा

धुळे, ४ फेब्रुवारी १९९६

बरेच दिवस इकडे फिरकले नाही, माफी असावी. दुसरं लिहीत होते — एड्सविषयीचं माहितीपत्रक! आमच्या एड्स-जागृती समितीत बी.ए. झालेली बाई एकच, म्हणून मजकूर माझ्या गळ्यात. 'परस्त्रीपासून दूर राहा, एड्स टाळा.' ठसठशीत अक्षरांत. ह्यांनी मुद्रितं तपासली. एक वेलांटी सुधारली आणि म्हणाले, "बाकी निर्दोष." बियाण्यांच्या कंपनीत फिरतीची नोकरी, तरी घरी आले की माझ्या कामाला हजर. मैत्रिणींना हेवा वाटतो.

९ फेब्रुवारी

पारोळ्याजवळ ट्रक थांबतात त्या चौफुलीवर पत्रकं वाटली. तिथे कस्तुरा भेटली. लोक हिजडा म्हणतात. ती स्वतःला बाई म्हणते, म्हणून मीही म्हणते. (आधी अडखळले, हेही लिहून ठेवते.) पोट भरतं ते ट्रकवाल्यांवर. पत्रक वाचून घेतलं आणि खो खो हसली.

"ताई, तुम्हना कागदमुये आमना धंदा वाढना!"

"तो कसा?"

"गिऱ्हाईक म्हणतस, रोग बाईपासून. तू कुठे बाई शे? निरोधबी नको म्हणतस."

ती बाई नाही, हे सगळा गाव तिला सांगतच होता. मी ते छापून दिलं.

१० फेब्रुवारी

पत्रक पुन्हा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

१६ फेब्रुवारी

समितीची बैठक. म्हटलं, पुढच्या छपाईत 'बाई असो की पुरुष, निरोध वापरा' असं घालू. अध्यक्ष रुपचंदशेठ हसले — "मॅडम, ही मुंबईची थेरं. खानदेशात असलं काही नसतं."

छगनराव वकील जास्त बारकाईने बोलले : "आणि असलं, तरी त्याला परस्त्रीगमन कसं म्हणता येईल?"

अहो, हेच तर सांगत होते मी! तेवढ्यात चहा आला. जुनंच पत्रक पुन्हा छापायचं ठरलं — एकमताने. मी हात वर केला नव्हता. पण 'एकमताने' लिहिताना कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. म्हणजे मग एकमतच की!

२ मार्च

कस्तुरा दवाखान्यात आहे. रक्तात निघालं. पुरुषांच्या वॉर्डात साडी चालेना, बायकांच्या वॉर्डात ती चालेना. खाट व्हरांड्यात. जेवणाचं ताट लांबून सरकवतात.

"आते तरी बाई म्हना माले," ती म्हणाली. "रोग व्हयना ना!"

स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मग खोकला थांबेना. मी तिचा हात धरून बसले. घरी येऊन हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. स्पर्शाने एड्स होत नाही — पत्रकातलं हे वाक्यही माझंच.

३ मार्च

जेवताना ह्यांना सांगितलं, चौफुलीवरची एकजण आजारी आहे, तेच निघालं, व्हरांड्यात टाकलंय. नाव सांगितलं नाही. कुणाचंच सांगत नाही, घरीसुद्धा नाही.

ह्यांचा घास हातातच राहिला.

"कस्तुरा?"

मग म्हणाले, "मी दुसऱ्या बाईकडे कधी गेलो नाही. तुझी शपथ."

खरंच आहे ते.

उद्या : दोघांचं रक्त तपासायला द्यायचं.