आठ दिवसांकरिता ठेवलेली पवनदूत

फतेगंज, बडोदे
८ जानेवारी २०२४

ती. दत्तूदादास,

धाकट्या हेरंबाचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार कागदावरच घे. प्रत्यक्षात साष्टांग घातला तर उठवायला मंदाकिनीला हाक मारावी लागते, आणि ती पोळ्या आटोपल्याशिवाय येत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? रक्तदाब काय म्हणतो? सूनबाई तुला मीठ देतात की अजून अळणीच वाढतात? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे दोघांच्या मिळून चार डोळ्यांपैकी अडीच आणि चार गुडघ्यांपैकी एक धड आहे, तेवढ्यावर संसार चालतो. पद्मावहिनी गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस. सूनबाईंना विचारलं तर म्हणतात, बाबा त्यांच्या खोलीत असतात. दोन वर्षं बसून राहावं असं त्या खोलीत काय आहे ते मला कळत नाही. पण तो वाद घालायला हे पत्र नाही. वाजणाऱ्या फोनकडे तू पाठ फिरवू शकतोस, पाकीट मात्र कुणाचं आहे हे पाहायला तरी फोडशील, म्हणून लिहितो आहे.

विषय तुझ्या गाडीचा आहे. ‘तुझ्या’ हा शब्द मी या बाबतीत सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा लिहितो आहे, तेव्हा खुर्चीत नीट बसून वाच. १९७८ साली तुझी प्रतापनगरहून भुसावळला बदली झाली, तेव्हा तू ती अठ्ठ्याण्णव सीसीची पवनदूत मोटारसायकल माझ्या ओसरीवर उभी केलीस आणि म्हणालास, आठ दिवस सांभाळ, बिऱ्हाड लागलं की घेऊन जातो. तुझं बिऱ्हाड भुसावळला लागलं, मग पुण्याला लागलं, पुढे मुलाचंही लागलं. आठ दिवस अजून चालू आहेत. मी गाडी सांभाळली. सांभाळता सांभाळता ती माझी कधी झाली हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि गाडीच्या पुस्तकाच्याही आलं नाही. त्याच्यावर आजही दत्तात्रेय हेच नाव आहे.

हे सगळं आज का उकरून काढतो, तर मल्हाररावांमुळे. (तुला आठवणार नाहीत. तू गेल्यानंतर रेल्वेच्या कारखान्यात साहेब म्हणून आले, आणि निवृत्त झाले तरी साहेबच आहेत.) त्यांनी गेल्या दिवाळीनंतर इथे जुन्या दुचाक्यांच्या मालकांचं मंडळ काढलं. दर रविवारी सकाळी सात वाजता फतेगंजच्या सेव-उसळीच्या गाडीपाशी सभा भरते. पंचवीस सभासद आहेत. त्यातले आपापल्या जुन्या गाडीवर बसून येणारे दोन, त्यांतला एक परत जाताना ढकलत जातो. बाकीच्यांच्या गाड्या फक्त मोठ्या समारंभाला येतात, त्याही टेम्पोत झोपून, आणि मालक मागून मुलाच्या एसी गाडीतून. सभेत चहा पिऊन प्रत्येक जण पूर्वी पेट्रोल कसं पुरायचं ते सांगतो. मल्हाररावांच्या गाडीचं अॅव्हरेज दर रविवारी दोन किलोमीटरने वाढतं. या हिशेबाने होळीपर्यंत ती पेट्रोल प्यायची थांबून उलट द्यायला लागेल. शहाण्णव सालापासून ती गाडी दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे हे तिथे कुणी बोलत नाही, कारण प्रत्येकाची कुठली ना कुठली पेटी असतेच.

माझीही होती. पहिल्याच सभेत नाव लिहून घेताना मल्हाररावांनी विचारलं, गाडी कधीपासून तुमच्याकडे आहे? मी म्हणालो, एकाहत्तरपासून. दादा, जीभ घसरली म्हणावं तर ती पुढे चांगली तासभर घसरत राहिली. तू पावागडला गेला होतास तेव्हा हालोलच्या रस्त्यावर कार्ब्युरेटर तुंबला आणि वहिनींनी केसांतला आकडा काढून दिला, त्याने तू आतलं बारीक भोक साफ केलंस, ती गोष्ट मी स्वतःची म्हणून सांगितली. विश्वामित्रीला पूर आला तेव्हा रस्त्यावर मगर पाहून तू गाडी उलटी फिरवलीस, तीही सांगितली. (ती मगर नव्हती, ओंडका होता, हे तू मला शपथ घालून सांगितलं होतंस. मी मगरच ठेवली, आणि वर तिला मोटारीच्या बोनेटइतकं तोंडही दिलं.) आकड्याची गोष्ट घरी मंदाकिनीसमोर पुन्हा सांगण्याचा मोह झाला. तिने पोळी उलटताना फक्त एवढंच म्हटलं की मी जन्मात कधी आकडे लावले नाहीत.

आता मंडळाची २६ जानेवारीला कमाटीबागेपासून मिरवणूक आहे, आणि त्यात एक चषक आहे, ‘पहिल्यापासून एकाच मालकाच्या हाती राहिलेली गाडी’ यासाठी. तो माझ्या नावावर जवळजवळ लिहिलेला आहे. म्हणून मी गाडी सजवायला घेतली, आणि तिथून माझे ग्रह फिरले. आधी ती सुरू होईना. रोज सकाळी अर्धा तास किक. डावीकडे झुकवून, उजवीकडे झुकवून, प्लग काढून पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलमध्ये ऑइल जास्त घालून, कमी घालून. चौथ्या दिवशी तिने उलटी किक दिली आणि नडगीवर, बरोबर ऐंशी सालच्या जुन्या व्रणावर, नवा व्रण उमटवला. मग मोटारी रंगवणाऱ्याकडून तिला असा झगझगीत हिरवा रंग दिला की मंदाकिनी टाकीत बघून कुंकू लावू शकली असती. मल्हाररावांनी ती पाहिली आणि नाक दाबल्यासारखा चेहरा केला. म्हणाले, ओरिजिनॅलिटी गेली. या मंडळात हा शब्द सुतक पडल्याच्या आवाजात उच्चारतात. गाडी नवी दिसली तर पाप, मोडकी दिसली तर पुण्य. एका सभासदाचे टायर ओरिजिनल आहेत, त्यात हवा राहत नाही, आणि सगळे त्या टायरांना वाकून नमस्कार करतात. मला सांगण्यात आलं, वरचे रंग उतरवा, मूळ रंग सापडेपर्यंत खरवडा.

मग आपला गजेंद्र पेंटर आला. (प्रतापनगरच्या नाक्यावर दुकानांच्या पाट्या रंगवायचा त्या म्हाताऱ्याचा मुलगा. तोही आता साठीचा.) मल्हारराव स्वतः खुर्ची घालून देखरेखीला बसले. आधी नवा हिरवा गेला. मग आमच्या लेकीच्या, ताईच्या, लग्नातला निळा गेला. मग मंदाकिनीने दर खंडेनवमीला टाकीवर काढलेल्या स्वस्तिकांचे हळदीकुंकवाचे पिवळे-लाल डाग आले, त्यांना मल्हाररावांनी भिंगातून पाहून कंपनीचं खास चिन्ह ठरवलं आणि वहीत टिपून घेतलं. त्याखाली रेल्वेच्या डब्यांना लावतात तसला जाड हिरवा रंग होता, तो काही निघेना. गजेंद्राने दोन दिवस त्याच्यावर घालवले. आणि त्याच्याखाली, पांढऱ्या वळणदार अक्षरांत, लाल सावलीसकट, निघालं ‘पद्मा’.

दादा, मी विसरलोच होतो. तू साखरपुड्याच्या आठवड्यात गजेंद्राच्या बापाकडून ते रंगवून घेतलं होतंस, आणि मामांनी पाहिलं. (पिलाजीराव मामांसमोर राजवाड्यातली माणसंसुद्धा टोपी सारखी करायची, तिथे त्यांच्या पोटच्या पोराची, तुझी, काय कथा.) सुनेचं नाव गावभर पेट्रोल पंपावर वाचलं जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि तू ड्यूटीवरून परत यायच्या आत कुणीतरी त्यावर तो हिरवा रंग फासला. वहिनी दाहोदहून सून होऊन आल्या तेव्हा गाडी चारचौघींसारखी हिरवी होती.

आता माझी अवस्था बघ. मल्हाररावांनी जागच्या जागी निकाल दिला की हेच मूळ अक्षर आहे, याला हात लावाल तर चषक विसरा. दुसऱ्या रविवारी सेव-उसळीपाशी सगळं मंडळ माझी वाट पाहत होतं. एकाने डोळा मारत विचारलं, “हेरंबकाका, आ पद्माबेन कोण?” दुसरा म्हणाला, “जूनी ओळखाण लागे छे.” माझ्या बायकोचं नाव मंदाकिनी आहे हे सगळ्यांना माहीत. गाडी पहिल्यापासून माझी, असं मीच सांगितलेलं. तेव्हा एक तर गाडी माझी नाही हे कबूल करायचं, नाहीतर लग्नाआधी मला पद्मा नावाची कुणी होती हे गावाला मानू द्यायचं. आणि ती पद्मा म्हणजे माझी थोरली वहिनी, जिच्या हातचं मी सात वर्षं दर गुरुवारी जेवलो. मी काय केलं असेल ते तुला कळलंच असेल. मी खाली बघून हसलो. त्या हसण्याने माझा मंडळातला मान इतका वाढला की माझी उसळ आधी यायला लागली. घरी येऊन मात्र जेवण गेलं नाही.

मंदाकिनी म्हणते, “सांगून टाका ना, एमां शुं? त्यात काय एवढं?” तिला चषकाची किंमत कळत नाही. मला एकच मार्ग दिसतो. सोबत गाडी नावावर करण्याचा फॉर्म जोडला आहे. खूण केलेल्या दोन जागी सही कर, आणि तारीख शक्यतो १९७१ ची टाक. शाईचं पेन वापर, बॉलपेनने टाकलेलं एकाहत्तर कुणाला पटणार नाही. पद्माचं काय सांगायचं ते मी बघतो. गाडी एकाहत्तरपासून माझ्या नावावर आहे एवढं कागदावर आलं की बस.

तुझ्या गुडघ्यांना आराम पडो, आणि सूनबाईंच्या हातून मिठाची बरणी एकदा तरी तुझ्या ताटात कलंडो.

तुझा,
हेरंब

ता. क. वरचं पत्र लिहून झालं आणि पोस्टात टाकायला धीर होईना, म्हणून ते कपाटात पडून राहिलं. आज २७ जानेवारी. काल मिरवणूक झाली. फॉर्म फाडून टाक. म्हणजे मी जोडलेलाच नाही, तेव्हा शोधत बसू नकोस. काल गाडी टेम्पोतून कमाटीबागेच्या फाटकापाशी उतरवली. मल्हाररावांनी माइकवर माझं नाव पुकारलं आणि लोकांना हसवायला विचारलं, हेरंबराव, आज तरी सांगा, पद्मा कोण? मी तोंड उघडलं ते पुन्हा खाली बघून हसण्यासाठीच. पण बाहेर आलं ते असं, की पद्मा या गाडीच्या मालकाची बायको. मालक माझे मामेभाऊ दत्तात्रेय, पुण्याला असतात. मी सेहेचाळीस वर्षं त्यांची गाडी आठ दिवसांकरिता सांभाळतो आहे. मगरीचंही सांगितलं. माझं नाव तिथल्या तिथे यादीतून खोडलं, आणि चषक परीक्षकांनी, म्हणजे मल्हाररावांनी, मल्हाररावांना दिला. त्यांची गाडी खरोखरच एका मालकाच्या हाती आहे, कारण ती हाताबाहेर कधी गेलीच नाही. नंतर चहाच्या वेळी मात्र कुणीच अॅव्हरेजचं काढलं नाही. एकेक जण येऊन टाकीपाशी उभा राहून ते नाव वाचून जात होता.

ता. क. दुसरी गोष्ट, जी या पत्रात पहिली यायला हवी होती. तो हिरवा रंग फासणारा ‘कुणीतरी’ मी होतो. मामांनी सांगितलं आणि मी कारखान्यातल्या ओळखीच्याकडून रेल्वेच्या डब्यांचा उरलेला रंग मागून आणून दोन हात दिले. मामांना भिऊन दिले. तू कामावरून आलास, टाकीकडे पाहिलंस आणि हातपाय धुवायला गेलास, तेव्हा मी दाराआड होतो. तू मामांनी पेंटर बोलावला असं समजलास आणि मी समजू दिलं. वहिनींनी ते नाव कधी पाहिलंच नाही, ते माझ्यामुळे. याचं मला फार वाईट वाटतं. आता विचारायचं एवढंच की गजेंद्र गुरुवारी टाकी पूर्ण करायला येतो आहे. नाव ठेवायचं की झाकायचं? मालक तू आहेस. हे फोनवर किंवा पत्रातून सांगण्यासारखं नाही, टाकी समोर पाहूनच ठरवावं लागेल.

ता. क. (मंदाकिनीकडून) दादा, नमस्कार. पाकीट बंद करायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून मीही चार ओळी लिहिते. गुरुवारी कुणी पेंटर येणार नाही. गजेंद्र सगळं काम संपवून काल संध्याकाळीच गेला. यांनी त्याला नाव झाकू दिलं नाही, उलट ‘मा’चा काना पुसट झाला होता तो समोर उभं राहून पुन्हा काढून घेतला. मागची सीट उंच करून पाठीला टेकण बसवलंय, तुमच्या कमरेच्या मापाने, असं ते कुणाला तरी सांगत होते. गाडी अजून सुरू होत नाही. कार्ब्युरेटर तुंबलाय आणि यांना तो कधीच साफ करता आला नाही. वहिनींचा तो आकडा फडक्यात गुंडाळून टूलबॉक्समध्येच आहे. तुम्ही या. मीठ घालून वाढीन. फार दिवस नाही, आठ दिवसांकरिताच या.