कर्ण्यावरचं कर्ण्यावरच

प्रिय अक्का,

काल तुझी शोकसभा झाली. कुठलाही कार्यक्रम आटोपला की साउंडच्या वायरींची भेंडोळी टेम्पोत तशीच टाकून मी आधी तुझ्याकडे यायचो. कोण काय बोललं, कोण किती लांबलं, सगळ्यांच्या नकला करून दाखवायचो. कालही सवयीनं टेम्पो तुझ्या गल्लीत वळवला. दाराला कुलूप पाहिलं, तेव्हा लक्षात आलं. म्हणून लिहितोय. ऐकवायला दुसरं कोण आहे मला?

तर ऐक. तुझा कर्णा आला होता!

आपण बोलावलं नव्हतं. तू शिकवायचीस त्या क्लासच्या संचालक सरांनी बोलावलं. 'महाराजांचे चार शब्द झाले की कार्यक्रमाला वजन येतं,' म्हणाले. अगं, तुझ्या शोकसभेला वजन कशाला हवं होतं? आणि तेही या माणसाचं?

मी दहावीत होतो, अक्का. भूकंप झाला त्या विसर्जनाच्या रात्री तुझ्या सासरचं माळवद खाली आलं. भाऊजी गेले. दीड वर्षाची मंजू गेली. तुला लोकांनी दगडमातीतून ओढून काढलं. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये तू प्लास्टरमधला पाय घेऊन पडलेली, आणि आईनं मला तुझ्या सोबतीला ठेवलेलं. त्या दिवसांत कोण कोण येत होतं गावात! कुणी पीठ घेऊन, कुणी ब्लँकेटं घेऊन, कुणी नुसते मोकळे हात घेऊन दगड उचलायला. हा माणूस काय घेऊन आला? मेलेल्यांची पापं! तेव्हा तिशीतला होता, आवाज खणखणीत. बाभळीला पत्र्याचा कर्णा बांधला आणि संध्याकाळी प्रवचन सुरू.

'ज्या गावात पाप साचतं, त्या गावाला धरणीमाय पोटात घेते! गेले ते आपापल्या कर्माची फळं भोगून गेले!'

तुला उठता येत नव्हतं म्हणून तो वाचला. पण कर्ण्याचं काय, तुम्ही ऐकायला जा नाहीतर जाऊ नका, तो शेडच्या पत्र्यातूनही आत येतो. तू माझ्याकडे मान वळवलीस आणि विचारलंस, 'संज्या, मंजूनं काय केलं असंल रे?'

मला रडू फुटलं. तर तूच मला गप्प केलंस, डोक्यावरून हात फिरवत. दुसऱ्या दिवशी महाराज गेले. जाताना जनरेटरसाठी गावाकडून डिझेल भरून घेतलं. आठवतं? तू तेव्हापासूनच त्याला कर्णा म्हणायला लागलीस.

प्लास्टर निघाल्यावर तू मला घेऊन नांदेडला गेलीस, नदीकाठच्या त्याच्या मठात. मला वाटलं होतं तू भांडशील, आरडाओरडा करशील. मी तर खिशात शाईची दौत घेऊन आलो होतो! तू ती बाहेरच काढून घेतलीस. 'शाई फेकून बोललेलं पुसतं का रे, येड्या?'

आत तो किती गोड वागला! तुझ्या डोक्यावर हात ठेवला, नारळ दिला. 'माई, ते तुझ्याबद्दल नव्हतं. मनाला लावून घेऊ नकोस. बोलण्याच्या ओघात चुकलं असेल.' मला तर वाटलं, जिंकलो आपण. माफी मागितली की त्यानं! आणि तू नारळ परत त्याच्या पुढ्यात ठेवलास.

'कर्ण्यावर बोललात, महाराज. कर्ण्यावरच माघारी घ्या.'

'सगळ्यांसमोर?' तो हसला. 'माई, त्यानं लोकांची श्रद्धा ढळते.'

लोकांची मुलं गेली, घरं गेली, त्यानं श्रद्धा ढळत नाही. या गृहस्थानं एकदा 'माझं चुकलं' म्हटलं तर मात्र ढळते. कमालच आहे!

परत येताना मी तुझ्यावर चिडलो होतो. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, तू भजी घेतलीस आणि मी तोंड फिरवून बसलो. 'तू कामून भांडून राहिलीस? चुकलं म्हणला की तो,' मी म्हणालो. तू सावकाश भजं संपवलंस, हात कागदाला पुसलेस. 'मला सांगून काय उपयोग? माझ्या पोरीनं काही केलेलं न्हाई, हे मला माहीत हाय. शेवंताला कोण सांगणार?'

शेवंता म्हणजे तुझी शेजारीण. तिची दोन्ही पोरं त्याच रात्री गेली होती, आणि प्रवचनाला ती पुढच्या रांगेत बसली होती. तेव्हा तुझं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मला भजी हवी होती आणि ती गार झाली होती.

मग तू लातूरला आलीस, राहिलेलं बी.एस्सी. पुरं केलंस, बायोलॉजी शिकवायला लागलीस. बघता बघता ट्यूशन एरिया फुगला. किनवटपासून, देगलूरपासून पोरं येऊ लागली. पोरं आली म्हणून मेस आल्या, मेस आल्या म्हणून कॉटबेसिसच्या खोल्या आल्या. आणि एवढे घाबरलेले आईबाप एका जागी जमल्यावर आपला कर्णा मागे राहतो होय? माल तोच, दुकान नवं! परीक्षेच्या आधी संस्कार सोहळा, पेनांना आशीर्वाद, हॉल तिकिटाला अंगारा. काही आई तर पोरांची ओएमआर भरायची पेनंच त्याच्या पायावर ठेवायच्या. तू म्हणायचीस, त्याच्या पायांना आता सगळी उत्तरं पाठ झाली असतील!

तुमच्या क्लासच्या सोहळ्यातलं त्याचं वाक्य तुला आठवतच असेल. 'ज्यांना मार्क पडत नाहीत, त्यांच्या आईवडिलांच्या पुण्याईचा साठा संपलेला असतो.' इस्लापूरची ती पोर, दुसऱ्यांदा परीक्षा देणारी, शेजारी बसलेल्या बापाकडे बघेना. बाप मान खाली घालून बसलेला. तू स्टाफच्या खुर्चीवरून उठलीस.

'महाराज, बायोलॉजी मी शिकवते. हिला मार्क कमी पडले तर चूक माझी असंल, नाहीतर हिची. हिच्या बापाची कशी?'

'माई, विज्ञान जिथं संपतं तिथून अध्यात्म सुरू होतं,' असं काहीतरी तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. अशा वाक्याला टाळ्या पडतातच. साउंडचा धंदा इतकी वर्षं करतोय, मला कळतं ना. संध्याकाळी संचालक सरांनी तुला केबिनमध्ये बोलावलं. 'मॅडम, जरा सांभाळून. ॲडमिशनचा सीझन आहे.' बाहेर येऊन तू त्यांची नक्कल केलीस तेव्हा मी हसून हसून खाली बसलो होतो. पण मला एक सांग, तू तो क्लास तेव्हाच का नाही सोडलास? मी विचारलं की म्हणायचीस, 'मी गेले तर त्या पोरांपाशी कोण राहील, तो?'

आणि छातीत दुखत होतं, हेही मला सांगितलं नाहीस. स्कूटीवरून क्लासला गेलीस, आणि तिथून दवाखान्यात नेलं तुला. फोन मला संचालक सरांचा आला, तुझा नाही. हा राग माझ्या मनातून कधी जाईल असं वाटत नाही.

काल हॉल भरला होता. साउंड अर्थातच माझा. तू गेलीस तरी तुझं काम दुसऱ्याला देणार होतो का मी? फोटोला हार घालून झाला, दोन शिक्षक बरे बोलले, एक पोरगी बोलता बोलता रडली. मग कर्ण्याचा एक माणूस मिक्सरपाशी आला. 'महाराजांना इको जास्त लागतो.' लागतोच. सगळ्या महाराजांना लागतो. इको वाढवला की दुपारी काय जेवले हे सांगितलं तरी आकाशवाणी झाल्यासारखं वाटतं. मी 'हाव' म्हणालो आणि इको पार शून्यावर आणला.

अक्का, तो आवाज तू ऐकायला हवा होतास! सर्दी झालेल्या म्हाताऱ्याचा आवाज. पण बोलला काय? 'माईंनी पूर्वजन्मीचं प्रारब्ध हसतमुखानं भोगलं. पती गेले, लेकरू गेलं, ते कर्म फिटलं आणि माई मुक्त झाल्या.'

पुन्हा! तुझ्याच फोटोशेजारी उभं राहून, माझ्याच माईकवर!

मी दुसरा कॉर्डलेस उचलला. 'महाराज, भूकंपानंतर तुम्ही आमच्या अक्काच्या गावात म्हणाला होतात की मेलेली माणसं पापी होती. आज पुन्हा तेच म्हणालात. माझी भाची दीड वर्षाची होती. तिचं पाप सांगा, नाहीतर बोललेलं माघारी घ्या.'

संचालक सर दोन्ही हातांनी मला खाली बस, खाली बस करत होते. आणि महाराजांनी तो ठेवणीतला शब्द काढला. 'मी असं कधीही बोललो नाही. माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला आहे.' तू म्हणायचीस ना, यांचं बोलणं यांच्या तोंडात असतं तोवर दूध, दुसऱ्याच्या कानात गेलं की नासतं, आणि दोष कायम कानाचा. अगदी तसंच.

तेवढ्यात मागच्या बाजूला शेवंतामावशी उठली. कुणाच्यातरी गाडीवर बसून एवढ्या लांबून तुझ्यासाठी आली होती. मी माईक नेऊन तिच्या तोंडापुढे धरला.

'म्या तितंच बसले व्हते, महाराज. फुडच्या रांगंत. माजी दोनी पोरं गेली व्हती. तुमी बोलले आन् म्या मान हालवली. त्या साली म्या श्रावणातला सोमवार मोडला व्हता. मला वाटलं, त्याच्यानंच गेली लेकरं. तवापसून सोमवारी पानी बी पीत न्हाई म्या. आता तुमी म्हणता, बोल्लोच न्हाई. मंग माजी लेकरं कशानं गेली, सांगा की.'

ती भांडत नव्हती, अक्का. खरंच विचारत होती. इतकी वर्षं ही बाई दर सोमवारी कोरड्या घशानं शिक्षा भोगत होती, आणि शिक्षा देणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता! तुला होता. तू त्या स्टँडवर मला हेच सांगत होतीस.

महाराजांनी काय करावं? माईकच्या जाळीवर तळवा दाबला. असं केलं की आवाज बंद होतो, अशी या सगळ्यांची समजूत. बंद कसला होतोय, माईक शिट्टी मारतो. अशी कर्कश शिट्टी वाजली की अख्ख्या हॉलनं कानांवर हात ठेवले. मी स्टेजपाशी पळालो तर तो खाली वाकून हळूच मला म्हणतो, 'बाळ, त्या बाईंना उद्या मठात घेऊन ये. एकांतात समजावतो. तुझ्या बहिणीलाही मी तेव्हा एकांतातच समजावलं होतं.'

म्हणजे सगळं आठवत होतं लबाडाला!

'एकांतात नको. माईक चालू आहे,' मी म्हणालो. त्यानं माईक टेबलावर ठेवला, पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणाला आणि चालू लागला. संचालक सर शाल घेऊन मागे धावले. दारात पोरं त्याच्या पाया पडायला थांबली. तुझीच पोरं, अक्का. तू ज्यांना पेशी, गुणसूत्रं आणि काय काय शिकवलंस ती. वाईट वाटून घेऊ नकोस. परीक्षा तोंडावर आली आहे, घाबरलीत बिचारी.

मग मीच माईक घेतला. 'मावशी, तुमचं काही पाप नव्हतं. मंजूचं नव्हतं, तुमच्या पोरांचं नव्हतं. भिंती दगडमातीच्या होत्या, वर माळवदाचं ओझं होतं, जमीन हलली आणि घरं खाली आली. सोमवारचा काही संबंध नाही.' सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणालो. मला वाटलं, झालं, अक्काचं काम झालं.

शेवंतामावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग दाराकडे बघत मला विचारलं, 'आसं म्हाराज म्हणले का रं?'

मी साउंडवाला. माझ्या सांगण्यानं तिचा सोमवार सुटत नाही. बांधला त्यानं, सोडायलाही तोच लागतो. आज सोमवारच आहे. सकाळी तिच्या घरी फोन केला तर भूकंपानंतर झालेल्या मुलाची बायको म्हणाली, आत्याबाईंनी अजून पाणीसुद्धा घेतलं नाही.

म्हणून तुला शब्द देतो, अक्का. यापुढे हा माणूस जिथं माईकपुढे उभा राहील, लातूरला, नांदेडला, मुरुडला, कुठंही, तिथं मी पहिल्या रांगेत असेन, आणि शेवंतामावशी यायला तयार असेल तर तीही. हाच प्रश्न विचारीन. हाकलून दिलं तर पुढच्या गावी विचारीन. तो म्हातारा झालाय, माघारी न घेताच मरेलही. मग त्याच्या शोकसभेला जाईन आणि तिथं माईकवर विचारीन. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, म्हणून लोक माझ्या अंगावर येतील. त्यांना सांगेन, सुरुवात यानंच केली होती.

तुझा,
संज्या