कामिएलना ब्रूज दाखवलं तो शनिवार

ब्रूज, सोमवार

ती. झुल्मावन्संना,

गोडेलीवचा नमस्कार. मी बरी आहे, फक्त रक्तदाब माझं ऐकत नाही. तुमचा गुडघा काय म्हणतो? लोकरीचं दुकान या उन्हाळ्यात नक्की बंद करणार असं तुम्ही ईस्टरला म्हणाला होतात. गेल्या वर्षीच्या ईस्टरलाही म्हणाला होतात, म्हणून त्याबद्दल विचारत नाही. मॉरित्सच्या थडग्यापाशी मी नवीन जिरॅनियम लावली आहेत. लाल. तुम्हाला पांढरी आवडतात हे मला ठाऊक आहे, पण पांढरी संपली होती.

पत्रास कारण की, परवा शनिवारी मी एका पुरुषाबरोबर दिवसभर ब्रूज हिंडले. (हे वाक्य लिहून मी उठले, कॉफी केली आणि परत येऊन बसले. तुम्हालाही उठायचं असेल तर उठून या.) हे तुमच्या कानावर आज ना उद्या जाणारच, कारण माझ्या समोरच्या दारातल्या इर्माने आम्हाला पाहिलं, आणि इर्माची धाकटी बहीण व्हर्न्यात तुमच्याच दुकानातून लोकर नेते. तिच्या तोंडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून घडलं तेवढंच ऐकलेलं बरं.

पुरुष म्हणजे कुणी परका नव्हे, आपले कामिएल. मॉरित्सचे पलटणीतले मित्र, ओस्टडाउनकर्कला राहतात, घोडा समुद्रात घालून करंदी धरायचे ते. आता गुडघ्यामुळे घोडा विकला, बायको त्याच्या आधीच गेली. या गृहस्थांनी सारं आयुष्य इथून तासाभराच्या अंतरावर काढलं, पण ब्रूज पाहिलं नाही. गेल्या आठवड्यात फोन आला, "वहिनी, आमच्या गल्लीतल्या हॉटेलात अमेरिकेचे लोक उतरतात, तेसुद्धा ब्रूज बघून येतात आणि मला विचारतात की कसं वाटलं. मी दर वेळी चांगलं आहे म्हणून सांगतो. एक दिवस दाखवाल का?" मॉरित्सच्या मित्राला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, या. नवा निळा कोट मी त्याच आठवड्यात घेतला, पण त्याचा याच्याशी संबंध नाही, जुन्याचं अस्तर फाटलं होतं.

आता लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? म्हणून मी बेत असा केला की आमच्या सिंट-आनाच्या बाजूला फिरकायचंच नाही. मोठा चौक, बोटी, घोडागाड्या, इथे सगळ्या जगाची माणसं असतात, फक्त ब्रूजची नसतात. मी स्वतः बोटीत बसले होते ती शाळेत असताना. म्हणजे मोठ्या चौकासारखी लपायला जागा नाही, असा माझा हिशेब.

स्टेशनवर कामिएल उतरले ते हातात झाकणाची पांढरी बादली घेऊन. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "करंदी. पहाटे उकडली. रिकाम्या हाताने कसं यायचं, वहिनी?" घरी नेऊन ठेवावी, तर घर इर्माच्या समोर. स्टेशनवर ठेवावी, तर ते ऐकेनात, उन्हात करंदी एकटी ठेवायची नसते म्हणे. झालं, बादली आमच्याबरोबर निघाली. मी एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला, मध्ये बादली. वासावरून माणसं आम्हाला वाट देत होती. गर्दीत त्याचा उपयोगच झाला म्हणायचा.

पहिल्यांदा बोट. बोटवाला तरणा होता आणि एकच विनोद चार भाषांत सांगत होता. (चारही वेळा हसावं लागतं.) अर्धा कालवा पार होतो न होतो तोच कामिएलनी बादलीचं झाकण काढलं. शेजारी स्पेनच्या कुणी बाई होत्या, त्यांनी डोकावून पाहिलं. यांनी एक करंदी उचलली, डोकं धरलं, शेपटी जराशी पिळली, अलगद ओढली आणि गर बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी खाल्ला. मग बाईंच्या नवऱ्याने खाल्ला. मग मागच्या बाकावरून हात पुढे आले. दहा मिनिटांत सगळी बोट खाली मान घालून करंदी सोलायला बसली, आणि तो बिचारा पोरगा हात लांब करून जुनी घरं, जुने पूल, जुनं इस्पितळ दाखवतोय ते कुणी बघेना. शेवटी तो ओरडला, "अहो आजोबा, ही बोट आहे, मासळीबाजार नव्हे!" कामिएल शांतपणे म्हणाले, "बोट आहे म्हणूनच काढली. बैलगाडीत काढली नसती." टरफलं पाण्यात टाकायची नाहीत असा त्याने दम भरला. मग टरफलं कुठे टाकायची? सर्वांनी मिळून ती माझ्या नव्या कोटाच्या खिशांत टाकली. मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

आणि वन्सं, शेवटच्या बाकावर इर्मा! नाताळात डॉक्टरांनी तिची साखर बंद केली तेव्हापासून आमच्या गल्लीत तिच्यादेखत कुणी बिस्किटाचा पुडाही फोडत नाही, इतकं तिने सगळ्यांना रडवलं आहे. ती बसली होती हातात वॉफल घेऊन, वर फेटलेल्या क्रीमचा डोंगर, त्यावर चॉकलेट. मला पाहून म्हणाली, "अगोबाई, गोडेलीव! तू इथे?" मी म्हटलं, "आणि तू गं?" तर म्हणते, "पाहुणे आलेत माझ्याकडे, त्यांना दाखवायला आणलंय." कुठे आहेत म्हटलं, तर म्हणाली, "आत्ताच उतरले." बोट कालव्याच्या मधोमध होती. मग तिने कामिएलना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हे गोडेलीवचे कोण?" यांनी मूठभर करंदी तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "यांच्या नवऱ्याचा मित्र." त्यावर इर्मा नुसतं "हं" म्हणाली. तुमच्यापर्यंत येईल तो हा "हं". वॉफलचं मी कुणाला सांगणार नाही आणि तिने याचं कुणाला सांगायचं नाही, असं उतरताना आमचं डोळ्यांनीच ठरलं. पण इर्माचे डोळे एक ठरवतात आणि जीभ दुसरं, म्हणून हे पत्र.

त्यानंतर घोडागाडी. मी नको म्हणत होते, पण घोडा दिसल्यावर त्यांना कोण अडवणार? गाडी हाकायला एक ठसकेबाज मुलगी होती. आम्ही बसलो, गाडी निघाली, आणि पहिल्या वळणाच्या आतच कामिएल खाली उतरले. "दमलीय घोडी," म्हणाले, "मी चालतो." मुलगी म्हणाली, "आजोबा, बसा हो वर! तिला दोन माणसांचं ओझं काय होतंय?" हे म्हणाले, "तू तिला विचारलंस का?" आणि लगामाला हात लावून, घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत चालू लागले. अख्खी फेरी! पुढे मुलगी, घोडीच्या शेजारून हे चालताहेत, आणि मागे गादीवर मी एकटी, निळा कोट, खिशांत टरफलं, बाजूला बादली. लोक मला बघून फोटो काढत होते. एका बाईने हात हलवला. मीही हलवला. दुसरं काय करणार? मुलगी आधी घुश्शात होती, पण शेवटी घोडी पाणी प्यायला थांबली तेव्हा तिने या गृहस्थांना स्वतःच्या डब्यातलं अर्धं सँडविच दिलं. मला नाही दिलं.

दुपारी त्यांना घंटाघराचा बुरूज चढायचा होता. मला इतक्या पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून मी बादली घेऊन खाली चौकात बाकावर बसले. म्हटलं, येतील. वर घंटा वाजल्या, माणसं उतरली, दुसरी चढली, तीही उतरली, पण हे येईनात. तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीला विचारलं, "एक उंच म्हातारे गृहस्थ वर गेलेत, टोपीवाले." ती म्हणाली, "आजी, म्हातारे पुष्कळ गेलेत, आणि टोपी सगळ्यांनाच आहे." तरी बिचारीने वर फोन लावून विचारलं. वर तसं कुणी नव्हतं. मग मात्र, वन्सं, मला राहवेना. मॉरित्सही पाव घेऊन येतो म्हणूनच बाहेर पडला होता, तो परत आलाच नाही. मी बादलीसकट चौकाला चक्कर मारली, फ्राइजच्या गाड्यांमागे पाहिलं, देवळात डोकावले. परक्या माणसाच्या काळजीने कुणी एवढं धावत नाही हे मला धावताना कळत होतं, पण पाय थांबेनात.

सापडले कुठे, तर बुरुजाच्याच आतल्या अंगणात. दुसऱ्या दाराने उतरले होते आणि भिंतीला टेकून, बूट काढून, टोपी पोटावर ठेवून गाढ झोपले होते. घोरत होते. बाजूला जपानी मुली उभ्या राहून कुजबुजत होत्या. उठवून चांगलं सुनवायचं म्हणून मी पुढे झाले आणि काय झालं कोण जाणे, त्यांच्या शेजारी बसले. मुलींना बोटाने गप्प केलं. उरलेली करंदी सोलत बसले. किती वेळ ते विचारू नका.

उठल्यावर आम्ही फ्राइज आणि बिअरमध्ये शिजवलेल्या बीफचा रस्सा खाल्ला. ब्रूज कसं वाटलं असं विचारलं तर म्हणाले, "घरं छान आहेत. पण पाणी कुठे जात नाही तुमचं. आमच्याकडे निदान जाऊन परत तरी येतं." ब्रूजला जन्म काढलेल्या बाईसमोर हे बोलणं! मग स्टेशनवर गेलो, इकडचं तिकडचं बोलणं झालं, त्यात विशेष काही नाही, गाडी आली, ते गेले.

एकूण माणूस हट्टी आहे. घोरतो. चारचौघांत बूट काढतो. पैसे भरून गाडीतून उतरतो आणि मासळीचा वास त्याच्या आधी दारात येतो. या वयात कुणी अशा माणसाच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. इर्माची बहीण काही म्हणाली तर हे तिला वाचून दाखवा.

गुडघ्याला शेक देत जा.

तुमची
गोडेलीव

ता. क. मी त्यांचा हात धरला होता असं ती बहीण म्हणेल. ते खरं आहे. बोट हलत होती. (बोटीतून उतरल्यावरही थोडा वेळ धरलेला होता. आमच्याकडची फरसबंदी तुम्हाला माहीतच आहे.)

ता. क. दुसरा. स्टेशनवरचं बोलणं विशेष नाही असं लिहिलं, पण लिहूनच टाकते, मी त्यांना तसा शब्द दिला आहे. गाडीला वेळ होता. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "वहिनी, एक विचारू? दिवसभर धीर होत नव्हता." मी म्हटलं विचारा. "तुमच्या नणंदबाई. मॉरित्सच्या मातीला मी आलो तेव्हा ज्यांनी ओल्या बुटांनी आत येऊ दिलं नाही, त्या. त्यांचं कुणी आहे का हो?" मी म्हटलं, दुकान आहे. "दुकान सोडून?" म्हटलं, मांजर होती, गेली. मग मीच म्हटलं, जीभ तिखट आहे त्यांची, आधीच सांगून ठेवते. तर म्हणाले, "ऐकलीय. चार वर्षं कानात आहे." येत्या रविवारी प्रार्थना आटोपली की ते व्हर्न्याला तुमच्या दुकानात येतील. लोकर हवी म्हणतील. त्यांना विणता येत नाही.

ता. क. तिसरा. हट्टाचं, घोरण्याचं आणि वासाचं जे वर लिहिलं ते मी रागाच्या भरात लिहिलं. राग कशाचा, ते सोडून द्या. माणूस चांगला आहे. झोपेत तर फारच चांगला दिसतो.

ता. क. शेवटचा. तुम्ही सावकाश विचार करा, भिडेखातर हो म्हणू नका. पण नको असेल तर रविवारी त्यांच्या तोंडावर सांगू नका, हळवे आहेत. आधी मला उलट टपाली कळवा. मी स्वतः ओस्टडाउनकर्कला जाऊन समजावून सांगेन. मला काहीच त्रास नाही.