थापा थांबल्यावर

१२ मार्च

ती. बाबांना नमस्कार.

मला नेमकी कशाची भीती वाटते? कारखान्याच्या मालकांनी पाठवलेल्या समुपदेशक बाईंनी हे विचारलं. तुमची पदवीधर मुलगी मान खाली घालून बसली. बाई म्हणाल्या, भीती मनात असते, श्वासाकडे लक्ष द्या. देते.

बाकी ठीक. आईचा गुडघा तसाच. धाकटीची परीक्षा संपली. काकांकडे तुम्हाला झोप लागते, हे ऐकून बरं वाटलं.

एक गंमत सांगते. परवा शेजारच्या आजी कात्री मागायला आल्या. दारावर थापा मारत होत्या, तोवर मला काहीच झालं नाही. हात पुसून जाईपर्यंत थापा थांबल्या आणि मी दार सताड उघडलं. जिन्यावर धावत जाऊन मी त्यांना गाठलं, त्यांचा हात घट्ट धरला. त्या म्हणाल्या, "अगं, कात्रीच हवी होती." आई हसली. मीही हसले.

आगीच्या चौकशीतला तुमचा जबाब मी वाचला. दारं उघडीच होती, बायका घाबरल्या म्हणून त्यांना सापडली नाहीत, असं तुम्ही सांगितलंत. खाली तुमची सही. शाळेत असताना मीच तुमच्याकडून पाटीवर गिरवून घेतलेली.

बाबा, टाचणीकाकू घाबरणारी बाई नव्हती. कॉलरला टाचण्या टोचून शिवणाच्या हॉलभर फिरायची. तुम्ही ठेवलेल्या नावाने मला हाक मारायची, "साहेबीण, शिकलीस ना? मग या पंख्याला समजावून सांग, आमचं तर ऐकत नाही." इतकी वर्षं ती हॉलच्या मागच्या दाराला पाठ लावून शिवत होती. तिला दार सापडलं नाही?

माल चोरीला जातो म्हणून मालकांनी मागची दोन्ही दारं कुलपात ठेवायला लावली, आमच्या ऑफिसचं आणि शिवणाच्या हॉलचं. किल्ल्या तुमच्या कमरेला. पुढचा जिना पेटला तेव्हा तुम्ही धावत आलात. दारं शेजारीशेजारी, थापा दोन्हींवर. तुम्ही ऑफिसचं उघडलंत. मला ओढून बाहेर काढलंत. दुसऱ्या कुलपाला हात घातलात, तोवर तिकडच्या थापा थांबल्या होत्या.

कुठल्याही बापाने हेच केलं असतं. त्याचा राग नाही. राग त्या सहीचा आहे. तिच्या बदल्यात मालकांनी तुमची नोकरी राखली आणि माझ्यासाठी त्या बाई पाठवल्या. पण जे घडलंच नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय, त्यातून मी बरी कशी होऊ?

काल चौकशी अधिकाऱ्यांकडे जाऊन मी जबाब दिला. कुलपं, मालकांचा हुकूम, आधी उघडलेलं दार, सगळं सांगितलं. किल्ल्या कोणाकडे होत्या, असं त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. खाली सही केली. तुम्हाला बोलावणं येईल.

आई कालपासून माझ्याशी बोललेली नाही.

तुम्ही आधी बाहेर काढलेली,
साहेबीण