रिकामा ओटा

पौष शुद्ध २, शके १८३६

"आई, मला हितंच बसू दे." नऊ वर्षांपूर्वी मंजुळा परसातल्या ओट्यावर बसून म्हणाली होती. कडुलिंबाची सावली गार असते, त्याबद्दल म्हणाली असणार.

आज ते आठवायचं कारण वेगळं. फाल्गुनात ओटा पाडून हे तिथं गोठा बांधणार आहेत. मी हो म्हटलं. ओट्यासाठी कोणी भांडतं का. फक्त त्याआधी त्याचं एक चित्र काढून घ्यावं, एवढंच ठरवलं. नुसता ओटा आणि लिंब. माणूस नको. लेकीचा यात काही संबंध नाही. यापुढं या वहीत तिचं नाव घ्यायचं नाही.

पौष शुद्ध ५

शहादेव चिताऱ्याला बोलावलं. लग्नघरच्या भिंती रंगवतो. पौषात लग्नं नसतात, म्हणून मोकळा आहे. मांजरपाटाचा तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं ओट्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्येच्यावर बसतंय कोन?" कोणी नाही, म्हटलं. "मंग काढायचं काय, बाईसाब?" ओटाच काढ, म्हटलं. तर म्हणतो, "मोकळी जागा सोडली की लग्नघरचे शिव्या घालतेत. हाताला सवय न्हाई." इथं लग्न नाही, म्हटलं. "त्ये दिसतंयच," म्हणाला.

आठ दिवसांत होईल. कापडावर आहे, तेव्हा तलवाड्याला तिच्या सासरीही धाडता येईल. धाडायचंच असं नाही. घडी होते, एवढंच लिहिलं.

पौष शुद्ध ८

कापडानं तांबडी काव पिऊन टाकली. ओटा पसरत लिंबाच्या शेंड्यापर्यंत गेला. भिंत अशी पीत नाही, असं शहादेव तीनदा म्हणाला. चूक कापडाची, म्हणजे माझी. दुसऱ्या तुकड्याला डिंक लावून दोरीवर वाळत घातला. भांडी घासायला येते ती छबुबाई पहिला तुकडा बघून म्हणाली, "व्हय ओ, मला वाटलं कोंबडं कापलं, अन् मला सांगितलं न्हाई."

पौष शुद्ध ११

डिंकाचं जमलं. ओटा झाला, लिंब झाला. पण ओट्याच्या दोन्ही अंगांना भाले घेतलेले भालदार उभे. भालदार कशाला, म्हणून विचारलं. "हात गेला," म्हणाला. पुसायला लावले.

संध्याकाळी बघते तर भालदार गेले, फांदीवर पोपट आला. तो राहू दिला. खरंच पोपट यायचे त्या लिंबावर. मंजुळा त्यांना भिजवलेली डाळ ठेवायची.

नाव घ्यायचं नव्हतं. लिहिलेलं खोडत नाही, वही खराब होते.

पौष पौर्णिमा

जेवताना हे म्हणाले, नऊ वर्षांत पोरीला साधी चोळी धाडली नाहीस, आता ओट्याचं चित्र कशाला? मी ताक वाढलं.

लोकांना माहीत नसतं म्हणून इथं नीट लिहून ठेवते. ती आपण होऊन गेली. वैशाखात बाजारच्या गाडीत बसून एकटीच तलवाड्याहून आली. हे तेव्हा कचेरीच्या कामानं बीडला. एक रात्र राहिली, आणि सकाळी तिचं तिलाच सासर आठवलं. मी फक्त गाडी जुंपायला सांगितली. परसासमोरच्या बंकटरावांच्या घरी लग्न होतं, गल्ली पाहुण्यांनी भरलेली. त्यात सासर सोडून आलेली पोर म्हटल्यावर तिलाच अवघड झालं असतं. मी तिचाच विचार केला.

चित्र धाडायचं ठरलं. ओटा बघून तिला माहेर आठवेल, होळीच्या आत येईल. तिच्यासाठी शेवया करायला घ्याव्यात.

पौष वद्य ३

शहादेवानं चित्र आणलं. ओट्यावर बाई बसलेली आहे. हिरवं लुगडं, तोंडावर पदर, मांडीवर गाठोडं, दोन्ही हातांनी धरलेलं.

मी रागावले. माणूस नको म्हणून किती वेळा सांगितलं होतं. तो खाली बघत म्हणाला, "बाईसाब, मोकळा काढताच यीना. त्या साली बंकटरावाची भित मीच रंगवलती. हत्ती काढीत व्हतो. तुमची लेक दिस मावळस्तोवर हितं बसलती. गाठोडं काई मांडीवरून खाली ठिवलं न्हाई. मला वाटलं, कुनी ठिव म्हनलं की ठिवंल."

मग रंगाच्या वाट्या धुऊन घेऊन गेला. चहा ठेवला होता, तो घेतला नाही.

पौष वद्य ४

शेवया केल्या नाहीत.

चित्र पेटीत ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. पोपट बरा आलाय. तोंडावर पदर का रंगवलास, असं काल शहादेवाला विचारायचं राहिलं, म्हणून छबुबाईकडून विचारून घेतलं. त्यानं सांगितलं, तोंड आठवलं नाही. आज दिवसभर मी आठवून बघितलं. मलाही त्या दिवशीचं तिचं तोंड आठवत नाही. मी बघितलंच नव्हतं. चुलीपाशी पाठमोरी भाकरी थापत होते. मागून ओट्यावरून ती म्हणाली, आई, मला हितंच बसू दे. मी म्हणाले, लोक बघतेत, पहाटे गाडी जुंपते.

सावलीचं ती काही बोलली नव्हती. संध्याकाळी तो ओटा उन्हातच असतो.

चित्र धाडायचं नाही. चिठ्ठी लिहिली आहे. छबुबाईचा भाऊ उद्या तलवाड्याच्या बाजाराला जातो, त्याच्या हाती देणार. मंजुळेला वाचता येतं, मीच शिकवलं होतं. ती येणार नाही. तिच्या जागी मी असते तर आले नसते. तरी लिहिलं ते असं:

मंजुळा, फाल्गुनात ओटा पाडणार आहेत. त्याआधी ये. किती दिवस, ते विचारणार नाही. आल्यावर गाठोडं खाली ठेव.