सुभेदारांचं औषधपाणी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. तुझी आणि बाळंतिणीची तब्येत उत्तम असेल, नातू थोडंफार झोपू देत असेल, असं धरून चालतो. आम्ही सगळे ठणठणीत आहोत. (हे वाक्य मुद्दाम आधी लिहिलं. पुढे कुणाची तब्येत येणार, हे तू ओळखलंच असशील.) तुझं कासव, म्हणजे आपले सुभेदार, जिवंत आहेत. एवढं वाचून घोटभर पाणी पी आणि मग पुढे वाच.

जाताना तू बजावलं होतंस, की त्यांच्या पेटीवरचा दिवा दिवसभर चालू ठेवा. भर उजेडात दिवा कशाला, म्हणून मी तो बंद केला. तो उजेडासाठी नव्हताच, उबेसाठी होता, हे मला आत्ता कळलंय. थोड्याच दिवसांत सुभेदारांच्या नाकातून बुडबुडे यायला लागले. सर्दी झाली, यावर घरात एकमत झालं, आणि आपल्याकडे आजारावर एकमत झालं की काय होतं ते तू जाणतेस. फ्रिजवरचा बिस्किटांचा डबा खाली येतो. बरं वाटलं की औषध थांबवायचं आणि उरलेलं त्या डब्यात टाकायचं, ही आपली पिढीजात रीत. घरातल्या प्रत्येक दुखण्याचा उत्तरार्ध त्यात जपून ठेवलेला आहे.

या वेळी मात्र डबा तिघांनी एकमेकांच्या चोरून खाली काढला. मी माझ्या दाढेच्या वेळची कॅप्सूल फोडून पानावर भुरभुरली. बाबांनी (म्हणजे तुझ्या दादाने) आपल्या खोकल्याची गोळी काकडीत दडवून चारली. तुझ्या भाचेसुनेने (घरातली एकटी समंजस म्हणून तू जिचं कौतुक करतेस ती) धाकटीच्या कानाच्या वेळचं गुलाबी औषध ड्रॉपरने पाजलं. हे असं रोज चाललं. बुडबुडे थांबले नाहीत, खाणं तेवढं थांबलं. तुझ्या हाकेसरशी धावत (त्यांच्या मानाने) येणारा जीव माझ्या हातातलं पान बघून मान आत घ्यायला लागला.

मग सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई शोधल्या. काय काय दिलंत, असं त्यांनी विचारल्यावर मी मान खाली घालून एक नाव सांगितलं, बाबांनी दुसरं, हिने तिसरं, आणि तिघं एकमेकांकडे बघत बसलो. बाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "आधी दिवा लावायचा होता," एवढंच म्हणाल्या. गार पडलेल्या कासवाच्या अंगात रोगाशी झगडायचं बळ राहत नाही आणि औषधही नीट लागू होत नाही. त्यात पाला पचवणारे पोटातले भले जंतू आमच्या औषधांनी मारले. नाकातला नमुना तपासला, तर तिथल्या जंतूंवर नेहमीची औषधं चालेनात. हे आमच्यामुळेच का, असं मी विचारलं. नक्की सांगता येत नाही, म्हणाल्या. नाही म्हणाल्या असत्या तर मला झोप लागली असती.

आता ऊब, आणि वजनाप्रमाणे मोजलेलं, त्या जंतूंना लागू पडणारं एकच इंजेक्शन. ते काही दिवसांच्या अंतराने द्यायचं आणि तरतरी आली तरी बाई सांगेपर्यंत बंद करायचं नाही. वाचतील का, तेही अजून सांगता येत नाही. हात दाखवून अवलक्षण मी केलं आणि भोगतोय तो मुका जीव. मला फार वाईट वाटतंय, आत्या. बाबा येता-जाता दिवा चालू आहे ना, ते बघतात.

तुझा (अजून मानत असशील तर) भाचा

ता. क. परवा फोनवर तू म्हणालीस, की खोकला झालाय, डब्यातल्या तुझ्या त्या कॅप्सूल कुरियरने पाठव. तेव्हा बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून खरं तर हे पत्र. पाठवणार नाही. डब्यातलं सगळं मी नष्ट करायला डॉक्टरीणबाईंकडे देऊन आलो. (रिकामा डबा बाबांनी परत मागून घेतला.) तिथल्या डॉक्टरांना छाती दाखव. त्यांनी औषध दिलं तर पुरतं घे, आमच्यासाठी उरवून आणू नकोस.

ता. ता. क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात सुभेदारांनी मान बाहेर काढून अर्धं पान खाल्लं. उरलेलं अर्धं मी टाकून दिलं. आपल्या घराण्यात ही पहिलीच वेळ असावी.