निःपक्षपाती डबा

२४ एप्रिल १९७७, रविवार. अंबड
पुण्याच्या ट्रेनिंगहून काल परत आलो. गणित-विज्ञानाच्या मास्तरांना एका ऑफिसात नेऊन कॉम्प्युटर दाखवला. खोलीभर कपाटं, आत थंडगार हवा. देवळात गेल्यासारख्या चपला बाहेर काढायला लावल्या. कार्डाला भोकं पाडायची, कार्ड मशीनला द्यायचं, मशीन निर्णय देतं. त्याला वशिला कळत न्हाई. ते कुणाच्या घरी जेवायला जात न्हाई. कुणाचा जावई लागत न्हाई.
बाकीचे मास्तर खरेदीला पांगले. मी शिपायानं बाहेर काढेपर्यंत तिथंच उभा होतो.
असं मशीन आपल्या हायस्कूलला पाहिजे. मीच करणार. आजपासून पहाटे पाचला उठायचं.

२६ एप्रिल. सकाळी नऊ
आत्ता उठलो. प्रवासाचा शीण आहे.

२८ एप्रिल
योग जुळून आला. औरंगाबादच्या एका ट्रस्टनं आपल्या शाळेला एक जागा दिली आहे. दहावी पास झालेल्या एका होतकरू मुलाला किंवा मुलीला वसतिगृहात राहणं, जेवण, कॉलेज सगळं फुकट. नाव शाळेनं कळवायचं. हेडसरांच्या घरी आत्तापासून माणसं येऊन बसून राह्यलीत. हेडसर म्हणाले, तातेराव, एकाचं नाव दिलं की बाकीचे मला अंबडमध्ये राहू देणार न्हाईत.
मी म्हणालो, नाव तुम्ही देऊच नका, मशीन देईल.
हेडसरांनी माझ्याकडं असं बघितलं की आजवर कधी बघितलं नव्हतं. म्हणाले, म्हणजे मंग जबाबदारी कुणाची? मी म्हणालो, विज्ञानाची. ते म्हणाले, जल्दी करा.

१ मे
डिझाईन तयार. प्रत्येक मुलाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड. कडेनं पाच भोकं, पाच गुणांची. मुलात गुण असेल तर भोक तसंच ठेवायचं. नसेल तर कात्रीनं भोकापासून कडेपर्यंत चीर द्यायची. सगळी कार्डं डब्यात उभी रचायची, भोकातून सुई घालून वर उचलायची. गुणवंत सुईला लटकतात, बाकीचे खाली पडतात. पाच वेळा उचलायचं. शेवटी जो लटकेल तो.
डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. वरती टॉर्चचा बल्ब बसवला. त्याचा निर्णयाशी संबंध न्हाई, पण मशीन वाटलं पाहिजे.
सुई चतुराबाईच्या विणकामाची घेतली. ती म्हणाली, माझं अर्धं स्वेटर तसंच लोंबकळून राह्यलंय. म्हटलं, मराठवाड्यातला पहिला कॉम्प्युटर होऊन राह्यलाय, स्वेटरचं काय घेऊन बसलीस. ती म्हणाली, कॉम्प्युटरला थंडी वाजत न्हाई, माझ्या भाच्याला वाजते.
थोर माणसांच्या बायका अशाच असतात.

८ मे
आज संपत दिवसभर माझ्याबरोबर. संपत आमच्या शाळेत मराठी शिकवतो. पिंपळगाव रेणुकाईकडचा, बौद्ध. पण मी त्याच्यात आणि माझ्यात काडीचा फरक केला न्हाई. त्याला मी भाऊ मानतो. त्याला माझ्या घरात माझ्याच कपात चहा असतो. हे मी कुणाला बोलून दाखवत न्हाई, त्याला सोडून.
प्रश्न होता, गुण कोणते घ्यायचे. मी म्हटलं, आपण आपल्या मनानं ठरवायचंच न्हाई. आपल्या शाळेतून गेलेली जी पोरं पुढं डॉक्टर, ओव्हरसियर, प्रोफेसर झाली, त्यांच्यात काय सारखं होतं ते बघायचं आणि तेच मशीनला शिकवायचं. दहावीला फर्स्ट क्लास हे तर आलंच. बाकी चार निघाले: वडील शिकलेले, घरात लाईट, अभ्यासाला वेगळी खोली, आणि घर वेशीच्या आत.
जातीचं भोक मी ठेवलंच न्हाई. हे डायरीत मुद्दाम लिहून ठेवतो.
संपतनं कात्री खाली ठेवली. म्हणाला, सगळे वेशीच्या आतलेच निघाले का? मी म्हटलं, निघाले त्याला मी काय करू, आकडा तो आकडा. तो मंग उठला. चहा अर्धाच पिऊन गेला. डोकं दुखत असेल.

१५ मे
घरोघर जाऊन माहिती घेतली. आज शेवटी वेशीबाहेरच्या वस्तीत गेलो, बेबीनंदाच्या घरी. ही पोरगी दरवर्षी पहिली. तीन वर्षं माझ्या वर्गात आहे, गणित मला विचारत न्हाई, मला सांगते. बाप भिवा कापसाच्या जिनिंगवर कामाला. आई केशरबाईनं खाट झटकून बसायला दिलं, चहा केला. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. शिकले का? न्हाई सर, अंगठाच. लाईट? कंदील आहे. वेगळी खोली? हीच एक खोली, पण ती अभ्यासाला बसली की आमी सगळे बाहेर बसतो.
कशासाठी इचारून राह्यले, असं तिनं विचारलं. म्हटलं, शाळेचं काम आहे, मुलीच्या भल्याचं. ती बाई एवढी खूश झाली की जाताना वेशीपर्यंत सोडायला आली.
ऊन फार. डोक्याला कांदा लावून पडलो. विज्ञानासाठी माणूस किती सोसतो.

१६ जून
दहावीचा निकाल. बेबीनंदा शाळेत पहिली. वसंता चौथा. वसंता म्हणजे संस्थेच्या एका मेंबरचा मुलगा, स्वभावानं गरीब, गणितात त्याहून गरीब. बाकी विषयांनी फर्स्ट क्लासच्या काठावर आणून सोडला. मी पेढे खाल्ले, दोन्हीकडचे.

१९ जून
ऐतिहासिक दिवस. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर मशीन चालवलं. हेडसर, मेंबर, पालक. बल्ब लावला. पहिली सुई: वडील शिकलेले. पहिल्याच उचलीत बेबीनंदाचं कार्ड खाली पडलं. जरा धक्का बसला. पण मी चेहऱ्यावर काही दाखवलं न्हाई, पंचाला भावना नसतात. पाचव्या उचलीला सुईवर एकच कार्ड. वसंता.
मेंबर उभे राहून म्हणाले, आता तरी कुणी म्हणू नये की आम्ही वजन वापरलं. टाळ्या. हेडसरांनी माझ्या गळ्यात हार घातला.
केशरबाई मागं दाराशी उभी होती. तिला बहुतेक प्रक्रिया समजली न्हाई. अशा लोकांना विज्ञान समजावून सांगितलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात त्यांच्या वस्तीत व्याख्यान द्यायचं.

२२ जून
व्याख्यान पुढं ढकललं. वस्तीतून बोलावणं आलं न्हाई.

२५ जून. संध्याकाळ
आज मला पाठीत सुरा म्हणजे काय ते कळलं.
स्टाफ मीटिंग. माझ्या अभिनंदनाचा ठराव. संपत उठला. मला वाटलं अनुमोदनाला उठला. मी मान खाली घालून हसायची तयारीसुद्धा केल्ती. तो म्हणाला, वेशीबाहेरची पोरं आजवर पुढं गेली न्हाईत, का त्यांना कुणी पुढं जाऊ दिलं न्हाई, हे या डब्याला कुणी सांगितलं? मागं जे झालं तेच जर पुढं करायचं आहे, तर त्याला सुई कशाला पाहिजे, ते आपण सुईशिवाय बराबर करत आलो आहोत.
मी म्हणालो, मशीनला जात नसते. तो म्हणाला, मशीनला नसते तातेराव, पण वेस कुठं बांधली हे ते बिलकुल विसरत न्हाई.
माझ्या घरी बसून, माझा चहा पिऊन, माझ्या कार्डांना भोकं पाडून, भर मीटिंगमध्ये. मला आधी एकट्याला सांगितलं असतं तर? चतुराबाई म्हणाली, त्यानं सांगितल्तं की त्या दिवशी, मी चहा ठेवत होते तर मला ऐकू आलं. तिचं लक्ष नसताना तिला सगळं ऐकू येतं.
संपतशी बोलणं बंद. कायमचं.

२६ जून
संपतही माझ्याशी बोलून न्हाई राह्यला. हा तर उघड उद्धटपणा आहे.

३ जुलै
बाजारात केशरबाई भेटली. मी वाट बदलत होतो, म्हणजे मला तिकडं भाजीच घ्यायची होती. तिनं गाठलंच. आवाज चढवला न्हाई. म्हणाली, सर, तुमी पोरीच्या भल्याचं म्हणून इचारलं, मी खरं खरं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तं पोरीचं भलं झालं असतं का?
मी म्हणालो, बाई, मशीनपुढं मी तरी काय करणार. तिनं विचारलं, मशीन कुणाच्या घरी आल्तं चहा प्यायला?
भाजी न घेता घरी आलो. लोकांसाठी करावं आणि लोकांनीच असं बोलावं.

१२ जुलै
वसंता औरंगाबादहून परत आला. जेवण मानवलं न्हाई, आईची आठवण येते, शिवाय तिथल्या गणिताची भाषाच वेगळी आहे म्हणे. आल्यापासून आईच्या हातचं खाऊन राह्यलाय, खूश आहे. ट्रस्टनं कळवलं, जागा आता दुसऱ्या शाळेला दिली.
मशीननं उमेदवार बराबर दिल्ता. उमेदवारानं मशीनचा विश्वासघात केला. सहावं भोक ठेवायला पाहिजे: आईशिवाय राहण्याची सवय. सुधारणा करतो.

१६ जुलै
तपासणीला औरंगाबादचे साहेब आले. हेडसरांना लपवायचं होतं, पण मीच डबा पुढं केला. म्हटलं, इथं चीज होईल. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, माझं एक कार्ड करा बरं, दहावीच्या वयाचं.
मी कात्री घेतली. साहेब सांगू लागले. राजूरजवळचं गाव. वडील दुसऱ्याची मेंढरं राखायचे, अक्षरओळख न्हाई. चीर दिली. घर वेशीबाहेर पालात. चीर दिली. लाईट न्हाई, गणपतीच्या देवळातल्या दिव्याखाली वाचायचो. मी चीर देऊ का नको म्हणून थांबलो. साहेब म्हणाले, द्या ना, नियम तो नियम.
सुई उचलली. साहेब खाली पडले.
साहेबांनी स्वतःचं कार्ड उचललं, बघितलं, टेबलावर ठेवलं. म्हणाले, म्हणजे मी आत्ता मेंढरं राखत असतो, आणि तुमची तपासणी वसंतानं केली असती.
मी हेडसरांकडं बघितलं. हेडसर म्हणाले, साहेब, मी आधीपासून विरोधात होतो. हा सगळा तातेरावांचा हट्ट. हार घालणारे हात हेच. सबंध अंबडमध्ये माझा म्हणावा असा एक माणूस उरला न्हाई.

१७ जुलै. दुपार
घरी कुणी नव्हतं. सहज, केवळ मशीनची चाचणी म्हणून, माझं स्वतःचं कार्ड केलं. आमचे वडील राजूरला नारळ-फुलं विकायचे. खोली एकच होती. वर्गात मी पास व्हायचो, क्लासचं म्हणाल तर तो तेव्हा कुणालाच मिळत नसे.
पडलं.
सुई वाकडी असावी. दुसऱ्या सुईनं केलं. ती जास्तच वाकडी निघाली.

२० जुलै
हेडसरांचा लेखी मेमो आला. झाल्या निवडीस सर्वस्वी श्री. तातेराव जबाबदार आहेत. विज्ञान कुठं गेलं? मी त्याच्याच खाली उत्तर लिहिणार होतो की निर्णय माझा नव्हता, मशीनचा होता. लिहिलं, फाडलं. वाचताना ते वाक्य हेडसरांसारखं वाटत होतं.
डबा चतुराबाईनं मागून घेतला. त्यात शेवया ठेवल्या.

२४ जुलै
कळलं की बेबीनंदा आज औरंगाबादला चालली. संपतची बहीण तिकडं छावणी भागात राहते, तिच्या घरी राहून कॉलेज करणार. हे सगळं संपतनं केलं. कुठलंही यंत्र न वापरता, नुसतं एस.टी.नं दोनदा जाऊन.
मी ठरवलं, मोठ्या मनानं निरोपाला जायचं. मुलीच्या मनात विज्ञानाविषयी कटुता राहू नये. सकाळी आरशासमोर दोनदा बोलून बघितलं.
स्टँडवर केशरबाई, भिवा, वस्तीतली बरीच माणसं. मला बघून बोलणं थांबलं, पण जागा दिली. संपत गाडीत ट्रंक चढवत होता, त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. बेबीनंदा खिडकीशी बसल्ती. मला बघून उठून उभी राह्यली, जशी वर्गात राहते. मी सुरुवात केली. म्हटलं, बेबी, त्या निर्णयात कुणाचा वैयक्तिक दोष नव्हता. यंत्राला जेवढं शिकवावं तेवढंच ते सांगतं. यंत्राचा तो स्वभाव आहे.
तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, सर, तीन वर्षं तुमी मला शिकवलं. मी कशी आहे ते तुम्हाला माहीत होतं. मंग डब्याला का विचारलं?
रागानं न्हाई. गणितातली पायरी कळली न्हाई की विचारते, तसं. उत्तराची वाट बघत उभी राह्यली.
कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळेपर्यंत ती बघत होती.
घरी आल्यावर चतुराबाईनं विचारलं, काय म्हणाली पोरगी?
म्हटलं, काही न्हाई. येते म्हणाली.